तयार मालावर १० टक्के, कच्च्या मालावर २५ टक्के: हे संरक्षण नक्की कोणाचं?

ताळेबंद (धागाकर्ता)

आयातशुल्क वाढलं की दोन ठरलेल्या आरोळ्या उठतात. "देशी उद्योग वाचला" ही एक आणि "महागाई आली" ही दुसरी. दोन्हीकडचे लोक शुल्काचा दर बघून बोलतात, आणि या सगळ्या प्रकारात सर्वात फसवा असतो तो दरच.

पाण्याचा पंप घ्या. जागतिक बाजारात किंमत १००. त्यात ६० चं पोलाद, तांबं, बेअरिंग, आणि कारखान्याची स्वतःची भर ४०. मजुरी, भाडं, व्याज, नफा, सगळं या ४० तूनच निघतं.

पंपावर २० टक्के शुल्क, साहित्यावर शून्य: आयात पंप १२० ला पडतो म्हणून देशी पंपही १२० ला खपतो, साहित्य ६० लाच मिळतं, हातात उरतात ६०. म्हणजे ४० चे ६० झाले. कागदावर २० टक्के, खरं संरक्षण ५० टक्के.

दोन्हींवर २० टक्के: १२० वजा ७२, उरले ४८. खरं संरक्षण २० टक्के.

आता शीर्षकातलं प्रकरण. पंपावर १०, साहित्यावर २५. ११० वजा ७५, उरले ३५. चाळीसचे पस्तीस! संरक्षण उणे साडेबारा टक्के. या कारखानदाराला शुल्क अजिबात नसतं तर बरं, अशी अवस्था. पुस्तकात याला 'प्रभावी संरक्षण दर' म्हणतात आणि अशा रचनेला 'उलटी शुल्करचना'.

हे कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं वारंवार. पोलाद करणारे मोजके आणि मोठे, त्यांचं गाऱ्हाणं नेमक्या टेबलावर पोचतं. पंप करणारे शेकडो, विखुरलेले. अमेरिकेने मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. जागतिक व्यापार संघटनेत निकाल विरुद्ध गेला आणि डिसेंबर २००३ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. मार्च २०१८ मध्ये पुन्हा तेच: पोलादावर २५, ॲल्युमिनियमवर १०. दोन्ही वेळा पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांत कामगार कितीतरी पट जास्त होते.

माझं म्हणणं एवढंच: कच्च्या किंवा अर्धतयार मालावरचं शुल्क हा दुसऱ्या देशी कारखान्यावर बसवलेला कर आहे. कोणी उलटं सिद्ध करेल का?

कणखर

गणित बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. तुमचा हिशेब आजच्या दिवसाचा फोटो आहे. ते ६० चं साहित्य जन्मभर बाहेरूनच आणायचं का?

दक्षिण कोरियाने १९६८ मध्ये पोहांगची पोलाद कंपनी काढली तेव्हा जागतिक बँकेचा अभिप्राय प्रतिकूल होता. कोरियाने पोलाद बाहेरूनच घ्यावं, असा तुलनात्मक लाभाचा (ज्यात आपण तुलनेने स्वस्त तेच करा, बाकीचं बाहेरून घ्या) साधा हिशेब सांगत होता. १९७३ मध्ये भट्टी पेटली आणि पुढे त्याच पोलादावर जहाजं आणि मोटारी उभ्या राहिल्या. अर्थतज्ज्ञ रिकार्डोचं १८१७ चं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं: पोर्तुगालमध्ये दारूला ८० माणसांचं वर्षभराचं काम आणि कापडाला ९०, इंग्लंडमध्ये १२० आणि १००, म्हणून एकाने दारू करावी, दुसऱ्याने कापड. ठीक. पण ते आकडे आकाशातून पडलेले नसतात. करत राहिल्यानेच १०० चे ७० होतात. आणि कापड करणारा देश पुढे यंत्रं करायला शिकतो, दारू करणारा दारूच करत राहतो.

ताळेबंद

कणखरभाऊ, पोहांगचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो! ती कंपनी शुल्काच्या भिंतीमागे वाढली नाही. जपानकडून आलेल्या नुकसानभरपाईचा पैसा, स्वस्त कर्ज, बंदर, रेल्वे, पाणी, हे सगळं सरकारने उभं करून दिलं. खर्च तिजोरीने उचलला, पोलाद वापरणाऱ्यांच्या गळ्यात मारला नाही. शिवाय कोरियाने निर्यातदारांना साहित्य बिनशुल्क आणायची मुभा ठेवली होती. म्हणजे वरच्या हिशेबातले ६० चे ७५ होऊच दिले नाहीत.

भगवती आणि रामस्वामी या अर्थतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडलेला नियम हाच आहे: दोष जिथे आहे तिथेच औषध द्या. अडचण उत्पादनात असेल तर उत्पादनाला अनुदान द्या. शुल्क लावलंत की उत्पादनाला मदत होते खरी, पण वापरणाऱ्याला दंडही बसतो.

कणखर

अनुदानाला पैसा लागतो, तो आणायचा कुठून? गरीब देशात आयकर भरणारे मूठभर. बंदरावर उभं राहून शुल्क गोळा करणं सगळ्यात सोपं. ज्याच्याकडे तिजोरीच नाही त्याला 'तिजोरीतून द्या' सांगणं म्हणजे पुस्तकी सल्ला. आणि अनुदान एकदा सुरू झालं की तेही थांबत नाही, तिथेही मोजके आणि मोठेच पुढे बसतात.

कोरियाबद्दल एक गोष्ट मात्र तुम्ही वगळलीत. तिथे मदतीला अट होती. निर्यातीचं लक्ष्य गाठा, नाहीतर स्वस्त कर्ज बंद. परीक्षक परदेशी गिऱ्हाईक, त्याला वशिला चालत नाही. याउलट ब्राझीलने १९८४ च्या कायद्याने संगणकाची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी आठ वर्षं राखून ठेवली, पण परीक्षा ठेवली नाही. यंत्रं महाग आणि मागासलेली राहिली, आणि संगणक वापरणारा प्रत्येक उद्योग मागे पडला. म्हणून माझा आग्रह शुल्काचा नाही, मुदत आणि परीक्षा असलेल्या संरक्षणाचा आहे.

त्रिकोण

दोघंही पाल्हाळ लावताय, नुकसान किती ते कोणीच मांडत नाहीये. मी मांडतो.

जागतिक किंमत १००, शुल्क २०. देशी उत्पादन ४० नगांवरून ५० वर जातं, मागणी १०० वरून ९० वर येते. आयात ६० ची ४० होते.

ग्राहकांचं नुकसान १९०० (घेतलेल्या ९० नगांवर २० जादा म्हणजे १८००, आणि सोडलेल्या १० नगांपायी १००). त्यातले ९०० देशी उत्पादकांना, ८०० (आयातीचे ४० नग गुणिले २०) तिजोरीला. उरलेले २०० कोणालाच मिळत नाहीत. यातले १०० गेले, कारण बाहेर १०० ला मिळणारी वस्तू देशात त्याहून जास्त खर्चून बनवली, आणि १०० ज्यांनी घेणंच सोडलं त्यांचे.

आता गंमत बघा. २०० हा आकडा छोटा दिसतो, म्हणून संरक्षणवाले म्हणतात, "एवढंच ना?" पण खरा खेळ ९०० चा आहे. ते पाच कारखान्यांत वाटले जातात आणि १९०० लाखो घरांतून गोळा होतात. पाच जण वकील लावतात, लाखो जणांना पत्ताही नसतो.

शुल्काऐवजी कोटा (आयातीच्या संख्येवर मर्यादा) लावला तर ते ८०० सुद्धा तिजोरीत येतीलच असं नाही. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली मोटारींची निर्यात 'स्वेच्छेने' वर्षाला १६.८ लाखांवर रोखली. शुल्क नव्हतंच, त्यामुळे वाढीव किमतीचा मलिदा जपानी कंपन्यांना मिळाला. शिवाय संख्या बांधलेली म्हणून त्यांनी महागडी मॉडेलं पाठवायला सुरुवात केली. ज्यांना रोखायचं होतं त्यांनाच वरची पायरी चढवून दिली.

आणि नोकरीमागचा खर्च: जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने वॉशिंग मशीनवर पहिल्या १२ लाख नगांपर्यंत २० टक्के आणि पुढे ५० टक्के शुल्क लावलं. मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागलं. ड्रायरही जवळपास तितकाच महागला, त्यावर शुल्क नसताना! कारण दोन्ही जोडीने विकली जातात, विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. नवीन नोकऱ्या सुमारे १८००. ग्राहकांनी भरलेला जादा पैसा भागिले नोकऱ्या काढा: दर नोकरीमागे वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर.

कणखर

त्रिकोणराव, तुमच्या हिशेबात कारखाना बंद पडला की कामगार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात उभा असतो. चीन ११ डिसेंबर २००१ ला जागतिक व्यापार संघटनेत आला. त्यानंतर अमेरिकेतल्या फर्निचर, कापड, खेळण्यांच्या पट्ट्यांचं काय झालं ते ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी मोजलंय. माणसं गाव सोडून गेली नाहीत, पगार सावरले नाहीत, अपंगत्व भत्त्यावरची संख्या वाढली. एक दशक उलटूनही खड्डा भरला नाही. तुमच्या २०० मध्ये हा खड्डा कुठे आहे?

"जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना भरपाई द्यावी" हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. तिथे भरपाईची योजना १९६२ पासून होती. तुटपुंजी होती, आणि जुलै २०२२ पासून नवे अर्ज घेणंही बंद.

त्रिकोण

हा मुद्दा मान्य, माझ्या हिशेबात तो नाही. पण गेलेली नोकरी शुल्काने परत येते का? ज्या मशीनने ती जागा घेतली ते मशीनच परत येतं. २०१८ च्या पोलादशुल्काने पोलादातल्या नोकऱ्या वाढल्याही असतील, पण पोलाद वापरणाऱ्यांकडे आणि समोरच्या देशांच्या प्रतिशुल्कात त्याहून जास्त गेल्या.

खडूफळा

दोन दुरुस्त्या. कुठल्याही बाजूने नाही.

पहिली: "स्मूट-हॉलीने महामंदी आणली" हे वाक्य अजून आलं नाही, पण येईलच, म्हणून आधीच लिहितो. जून १९३० च्या त्या अमेरिकी शुल्कवाढीच्या कायद्याआधी १०२८ अर्थतज्ज्ञांनी सही करून विरोध केला होता, आणि मंदी त्याआधीच सुरू झाली होती. पण त्या कायद्यात लपलेली एक चूक आजही होते. बरीच शुल्कं टक्क्यांत नव्हती, वजनावर किंवा नगावर ठरलेली होती. किलोला २ असं शुल्क घ्या. किंमत १० असेल तर २० टक्के. मंदीत किंमत ५ वर आली की तेच शुल्क ४० टक्के. कायद्याला कोणी हात न लावता भिंत दुप्पट! अमेरिकेत १९३० नंतर सरासरी शुल्क चढलं त्यात घसरत्या किमतींचा वाटा फार मोठा होता. ज्यांना वजनावर शुल्क हवं असतं त्यांना हे चांगलं ठाऊक असतं: बाहेरचा माल स्वस्त होतो तेव्हाच संरक्षण जाड होतं.

दुसरी: शुल्क लावून व्यापारतूट भरून निघते, हा गैरसमज. तूट म्हणजे देशाची गुंतवणूक वजा देशाची बचत. त्यातलं काहीच बदललं नाही तर एका देशाची आयात अडली की दुसऱ्याची वाढते, किंवा चलन वधारून निर्यात घटते. अर्थतज्ज्ञ लर्नरने १९३६ मध्ये दाखवलं ते हेच: आयातीवरचा कर फिरून निर्यातीवर बसतो. २०१८ मध्ये एवढी शुल्कं लावूनही अमेरिकेची वस्तुव्यापारातली तूट त्या वर्षी वाढलीच.

गोदीकाठ

तुम्ही सगळे दरावर भांडताय. बंदरावर भांडण वेगळं असतं: ही वस्तू कुठली आणि कोणत्या देशाची?

'कुठली' हे एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर ठरतं. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे. दोन शेजारच्या कोडमध्ये दराचा फरक मोठा असला की माल त्या फटीतून वाहू लागतो. अमेरिकेत हलक्या मालवाहू गाड्यांवर १९६४ पासून २५ टक्के, प्रवासी गाड्यांवर या प्रकरणाच्या वेळी २.५. फोर्डने तुर्कस्तानातून व्हॅन मागच्या सीटसकट 'प्रवासी' म्हणून आणल्या, बंदरात सीट काढल्या, मालवाहू म्हणून विकल्या. २०१९ मध्ये अपिलात हरले, २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवलं. आणि त्या २५ टक्क्यांचा मूळ वाद कसला? युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या शुल्काचा. साठ वर्षं झाली, कोंबड्या विसरल्या गेल्या, व्हॅनचं शुल्क जागेवर आहे. कणखरभाऊ, 'मुदत' म्हणता ना, ती अशी पाळली जाते.

अँटी-डंपिंगचंही (घरच्यापेक्षा स्वस्तात परदेशात विकणाऱ्यावरच्या शुल्काचंही) तसंच. नियम नीट आहेत: निर्यातदाराच्या घरच्या किमतीशी निर्यातीची किंमत कारखान्याच्या दारात तोलून बघायची, फरक २ टक्क्यांहून कमी तर प्रकरण बंद. तपास १२ महिन्यांत, फार तर १८. शुल्क पाच वर्षांनी संपायला हवं. पण 'काढलं तर डंपिंग पुन्हा होईल' असं फेरतपासणीत ठरलं की पुढची पाच वर्षं. निर्यातदाराने हिशेबाची कागदपत्रं वेळेत दिली नाहीत तर तक्रारदाराचे आकडे धरले जाऊ शकतात. छोटे निर्यातदार इथेच मरतात, किमतीवर नाही.

कणखर

व्हॅनचं मान्य. पण ताळेबंदांच्या मूळ हिशेबात एक पळवाट राहिली. साहित्यावर २५ टक्के असले तरी निर्यात करणाऱ्याला भरलेलं शुल्क परत मिळतं. मग निदान निर्यातदार तरी उण्यात जात नाही.

गोदीकाठ

आयात पोलाद वापरलं तर जात नाही. पैसे काही महिने अडकतात, वाया गेलेल्या पत्र्याचं प्रमाण सिद्ध करावं लागतं, पण मिळतात. गंमत पुढे आहे. शुल्क लागल्यावर देशी पोलादवाला ६० चा भाव ७४ करतो, कारण आयात ७५ ला पडते. निर्यातदाराने हे देशी पोलाद घेतलं तर त्याने शुल्क भरलेलंच नाही, मग परत काय मिळणार? बाहेरून घेतलं तर ७५ भरून १५ परत, म्हणजे ६०. देशी घेतलं तर ७४. ज्या पोलादवाल्यासाठी शुल्क लावलं, त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक शुल्कानेच परदेशी माल घ्यायला ढकललं.

कणखर

मग देशी पोलादावरही तेवढाच परतावा द्यावा.

गोदीकाठ

न भरलेल्या शुल्काचा परतावा म्हणजे निर्यात अनुदान, आणि ते जागतिक व्यापार संघटनेच्या करारात निषिद्ध आहे. एक वाट चालते. त्याच कारखान्याने तितकंच, त्याच प्रतीचं पोलाद शुल्क भरून आणलेलं असेल आणि आयात व निर्यात यांत दोन वर्षांहून जास्त अंतर नसेल, तर पंपात देशी पोलाद घालूनही त्या आयातीवरचं शुल्क परत मागता येतं. म्हणजे देशी वापरायचं असेल तरी आधी तेवढं परदेशी आणावंच लागतं.