डेक्कनवर दर दोन वर्षांनी पाटी बदलते, दोष भाड्याचा की चालवणाऱ्याचा?

हिशोबनीस (धागाकर्ता)

पुण्यातला फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, लक्ष्मी रस्त्याचं अलका चौकाकडचं टोक. एकाच गाळ्यावर तिसरी पाटी चढली की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "भाडं परवडलं नसेल." मला हे पटत नाही. भाडं पहिल्या दिवसापासून माहीत असतं. धंदा बुडतो तो सजावटीत घातलेला पैसा आणि कराराची मुदत यांचा मेळ बसत नाही म्हणून.

नमुन्याचा हिशोब मांडतो, आकडे आपापल्या रस्त्याप्रमाणे बदलून घ्या. ६०० चौरस फूट, ३२ खुर्च्या, भाडं दीड लाख, सहा महिन्यांची अनामत ९ लाख. सजावट १५ लाख, भट्टी-फ्रीज-टेबलं ६ लाख. भाड्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिना २७ हजार. उपाहारगृहाने ग्राहकाकडून ५ टक्के घेतले तरी त्याला इनपुट क्रेडिट (स्वतः भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही, १५ नोव्हेंबर २०१७ पासून हेच चालू आहे. त्यामुळे हे २७ हजार सरळ खर्चात जातात. भाडं झालं १ लाख ७७ हजार. पगार २ लाख ६० हजार. हे दोन्ही स्थिर, गिऱ्हाईक येवो न येवो.

विक्रीबरोबर वाढणारा खर्च: माल ३२ टक्के, गॅस-वीज ७, ॲपचं कमिशन नि पॅकिंग सरासरी ६, किरकोळ ४. मिळून ४९. म्हणजे शंभरातले ५१ रुपये स्थिर खर्चाला मिळतात. ना नफा ना तोटा व्हायला महिना साधारण ८ लाख ५७ हजारांची विक्री हवी. माणशी १८० रुपये धरले तर रोज १५९ माणसं, तीसही दिवस. १० लाखांवर गेलात तर हातात ७३ हजार, आणि २१ लाख वसूल व्हायला २९ महिने.

करार ३६ महिन्यांचा. दोन महिने सुतारकामात गेले, पाच महिने लोकांना ओळख व्हायला. उरले २९. पैसे फिटले त्या महिन्यात गाळ्याचा मालक म्हणतो, "आता बाजारभावाने बोलू." लोक याला अपयश म्हणतात. माझ्या मते हा करारच तसा लिहिलेला होता.

तव्यावरचा

हिशोबनीस, आकडेमोड चोख आहे, पण निष्कर्ष उलटा काढलात. १५९ माणसं येत नाहीत हे मूळ दुखणं, करार नंतर. आणि ती का येत नाहीत? कॅलेंडर बघून कोणी दुकान उघडत नाही म्हणून.

फर्ग्युसन रस्त्याचं गिऱ्हाईक कॉलेजचं. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षा, सुट्टी, गावाला जाणं. मार्चमध्ये फीत कापलीत तर ओळख होण्याचे महिने नेमके रिकाम्या रस्त्यावर जातात. बिर्याणीवाला जुलैत उघडतो, गटारीला रांग बघून खूश होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. नंतर गणपती, मग पितृपंधरवडा. कपड्यांच्या दुकानाचं तेच. पितृपंधरवड्याच्या तोंडावर साडीचं दालन उघडणाऱ्याला लक्ष्मी रस्ता काय सांगणार?

त्यात मेन्यू नव्वद पदार्थांचा. ३२ खुर्च्यांना नव्वद पदार्थ म्हणजे फ्रीजमध्ये मरणारा माल. तुमचे ३२ टक्के कागदावर. पनीर, क्रीम, मशरूम आठवड्याला दोनदा फेकले की ते ३८ होतात, आणि १० लाखांवरचे तुमचे ७३ हजार १३ हजारांवर येतात. हे मालकाने केलं का?

पेठेतला गाळा

तुम्ही दोघंही नव्या गाळ्यांबद्दल बोलताय. लक्ष्मी रस्त्यावर, रविवारात, बोहरी आळीत चाळीस-चाळीस वर्षं पाटी हलत नाही, त्यांची चर्चाच नाही. एकाच रस्त्यावर दोन बाजार आहेत. पागडीवाला (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर बसलेला) जुना भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या (१९९९) छत्राखाली बसलाय, भाडं वर्षाला ४ टक्के वाढतं तेही मूळ क्षुल्लक रकमेवर. शेजारचा लीव्ह अँड लायसन्सवाला पूर्ण बाजारभाव देतो. तो भाडेकरूच नाही, परवानाधारक आहे. मुदत संपली की बाहेर.

आणि गंमत अशी की जागा थोड्या मोकळ्या होतात म्हणून भाव चढतात. पागडीवाल्याने गाळा सोडला तरी मालकाला साधारण तिसरा हिस्सा देऊन तो पागडीवरच दुसऱ्याकडे जातो, खुल्या बाजारात येत नाही. रस्त्यावरचे बरेच गाळे गोठलेले, उरलेल्यांवर सगळ्यांची उडी. पाट्या बदलतात याचं दुःख करू नका. न बदलणाऱ्या पाट्यांचा भार बदलणारे सोसतात.

हिशोबनीस

मुद्दा मान्य, पण अर्धाच. १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना, बँकांना या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे मोठे ब्रँड नि एटीएमही खुल्या भावानेच बसलेत. त्यांच्या गाळ्यात पाटी का कमी बदलते? कारण ते नऊ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करतात आणि मधली भाडेवाढ आधीच लिहून घेतात. छोटा माणूस तीन वर्षांवर सही करतो.

तव्यावरचा, मेन्यूचं म्हणणं सोळा आणे खरं.

कॅम्पवाला

नऊ वर्षं मालक देणारच नाही, तेव्हा छोट्याने काय करायचं ते सांगतो. लीव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का. तुमच्याच नमुन्यात: ६० महिन्यांचं भाडं ९० लाख, शिवाय ९ लाख अनामतीवर १० टक्क्यांनी पाच वर्षांचं काल्पनिक व्याज साडेचार लाख, एकूण ९४ लाख ५० हजार. त्याचा पाव टक्का २३,६२५, वर नोंदणी फी १,०००. दरवर्षीची वाढ धरली तर थोडं जास्त. एवढ्यासाठी लोक तीन वर्षांवर थांबतात! काही तर ११ महिन्यांचा करार नोटरी करून बसतात. महाराष्ट्रात ११ महिन्यांचाही नोंदवावाच लागतो, ती सवलत इथे नाही.

करारात "लॉक-इन", म्हणजे ठरल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, दोघांना लावून घ्या. छापील मसुद्यात तो फक्त घेणाऱ्याला असतो, मालक मात्र तीन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळा.

पावती मागणारा

जीएसटीबद्दल एक दुरुस्ती. मालक आजोबांकडे नोंदणी नसेल तर २७ हजार लागत नाहीत असं समजून कित्येक जण बसतात. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसला तरी घेणाऱ्यानेच १८ टक्के रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः सरकारला, भरायचे. कंपोझिशनवाल्याला (छोट्यांच्या योजनेत उलाढालीवर सरसकट कर भरणाऱ्याला) १६ जानेवारी २०२५ पासून यातून सूट आहे. दीड कोटींच्या आत उलाढाल असेल तर तोही रस्ता बघा.

हिशोबनीस

कंपोझिशनमध्ये ५ टक्के ग्राहकाकडून घेता येत नाहीत. १० लाखांवर ५० हजार पदरचे. २७ वाचवायला ५० घालवू?

पावती मागणारा

पदरचे कशाला? मेन्यूचे दर ५ टक्के चढवा. आधी १८० अधिक ९, आता सरसकट १८९. गिऱ्हाईकाचं बिल तेच. फक्त मालक नोंदणीकृत असेल तर तो १८ टक्के लावणारच, तिथे या सवलतीचा उपयोग शून्य. आधी मालकाचा जीएसटी क्रमांक विचारा, मग योजना निवडा. लोक नेमकं उलट करतात.

कोपऱ्यावरून

इथे कोणी रस्त्यावर उतरायला तयार नाही. ३२ खुर्च्या म्हणता, त्यातल्या दहा बहुतेक ठिकाणी पुढच्या मोकळ्या जागेत, ताडपत्रीखाली. फ्रंट मार्जिनमधली (इमारतीपुढे मोकळी सोडायच्या जागेतली) ती शेड महापालिकेच्या कारवाईत एका सकाळी जाते. उरल्या २२ खुर्च्या. १० लाखांच्या विक्रीला लागणाऱ्या रोजच्या १८५ माणसांसाठी प्रत्येक खुर्ची दिवसातून आठ-साडेआठ वेळा भरायला हवी, ३२ असताना सहा वेळा पुरत होती. भाडं मात्र शेडसकट ठरवलेलं. मालक "पुढची जागा वापरा" तोंडी सांगतो, करारात चटई क्षेत्र फक्त ६०० चौरस फूट. यात चूक कोणाची, ते ज्याचं त्याने ठरवावं, मला तर दोघांचीही दिसते.

दुसरं, मेट्रो. २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाला, मंडई स्थानक तुळशीबागेच्या उंबऱ्यावर आलं. किरकोळ खरेदीचं, हातात मावणारं गिऱ्हाईक वाढतं. पण लग्नाचा बस्ता घेणारं कुटुंब दहा पिशव्या घेऊन सरकत्या जिन्यावर उभं राहत नाही. त्याला गाडी लावायला जागा हवी, आणि पी-वन पी-टूच्या (एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला गाडी लावायच्या) रस्त्यावर ती मिळत नाही. मेट्रोमुळे सगळ्याच दुकानांचं भलं होईल असं धरून भाडं वाढवून मागणारे मालक दिसतात, त्यांना हा फरक समजावून सांगा.

तव्यावरचा

मेट्रोचं ठीक. गुडलक १९३५ पासून डेक्कनच्या त्याच कोपऱ्यावर आहे, ते काय मेट्रोवर चालतं? चहा, बनमस्का, ऑम्लेट, खिमा. मेन्यू बघा.

पेठेतला गाळा

अहो, गुडलकला या वादात ओढू नका. नव्वद वर्षांची सवय आणि पहिल्या वर्षाचा धंदा एका तराजूत बसत नाहीत.

धुरांडे

करार, कर, कॅलेंडर सगळं झालं, धुराचं कोणीच बोललं नाही. पेठेत नि डेक्कनला बंद पडणाऱ्या उपाहारगृहांत वरच्या मजल्याची तक्रार हे कारण फार वेळा असतं, ते पाटीवर लिहिलेलं नसतं इतकंच.

हुड बसवला म्हणजे धूर गेला असं नाही. धुराची नळी थेट गच्चीच्या वर न्यावी लागते. जुन्या इमारतीत ती मागच्या बोळातून चढते, दोन-तीन वळणं घेते, आणि प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. आडव्या तुकड्यात तेल साचतं, उन्हाळ्यात पातळ होऊन सांध्यातून खालच्या भिंतीवर ओघळतं. तिथे सफाईची झडप ठेवलेली नसते, कारण कंत्राटदाराने पैसे वाचवले. मग आठ महिन्यांत पंखा धापा टाकतो, फोडणीचा ठसका दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या बैठकीत. सोसायटीचं पत्र, मग अर्ज, मग तपासणी.

पंखा गच्चीवर बसवा, खाली नको. खाली बसवला की नळीत दाब वाढतो आणि प्रत्येक सांधा गळतो. गच्चीवर बसवलात तर त्याखाली रबरी पाय द्या, नाहीतर कंपनाची वेगळी तक्रार. बॅफल फिल्टर (हुडातली तेल अडवणारी जाळी) आठवड्याला गरम सोड्याच्या पाण्यात, नळी तीन महिन्यांनी.

आणि वीज. जुन्या गाळ्याचा मीटर बहुतेक वेळा सिंगल फेज. दोन एसी, दोन डीप फ्रीज, गच्चीवरचा पंखा, ग्राइंडर, ओव्हन मिळून १२ ते १५ किलोवॅट सहज होतात. भार वाढवायचा तर महावितरणला मालकाची संमती लागते.

हिशोबनीस

म्हणजे करारातच दोन ओळी हव्यात: गच्चीपर्यंत नळी न्यायची लेखी परवानगी आणि वीजभार वाढीला संमती.

धुरांडे

तीन. तिसरी, सोसायटीचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय भाडं सुरू होणार नाही, अशी. एकट्या मालकाची सही गच्चीवर चालत नाही, गच्ची सोसायटीची असते. आणि हे पत्र अनामत देण्याआधी हातात घ्या. १५ लाखांच्या फरशी-पीओपीला नंतर कोणी विचारत नाही. जुना माल घेणारा फ्रीज आणि एसी उचलतो, स्टीलचं टेबल किलोवर मोजतो, नळी कापून भंगारात घालतो.

तव्यावरचा

आणि पुढचा येतो तो त्याच भोकातून नवी नळी चढवतो, त्याच वळणांसकट.