मदत हवी आहे: दृष्टी गेलेल्या बाबांना नेरळ-माथेरान मिनी ट्रेनमध्ये बसवायचं आहे

रेवदंडेकरीण

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांना सोपं जाईल.

आम्ही रेवदंड्याला राहतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेली. उजेड-अंधार कळतो, अगदी समोर कुणी आलं तर सावली हलल्यासारखी वाटते, तेवढंच. बाकी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे दुखतात, पण वाडीत नारळाच्या आळ्यांमधून अजून एकटे फिरतात. कुठलं झाड कुठे आहे ते त्यांना पाठ आहे.

लग्नाआधी बाबा माथेरानला एका दुकानात नोकरीला होते. तेव्हा गाडीला वाफेचं इंजिन होतं. वॉटर पाईप स्टेशनला इंजिन पाणी घ्यायचं, तोवर खाली उतरून पाय मोकळे करायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. गावी परतल्यावर वाडी, संसार, आजीचं आजारपण यात पुन्हा जाणं झालंच नाही. परवा टीव्हीवर मिनी ट्रेनची बातमी लागली होती. ती ऐकता ऐकता म्हणाले, "मला त्या गाडीत एकदा बसव." बाबा स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत, त्यामुळे मला हे करायचंच आहे.

घरात मात्र यावरून दोन तट पडलेत. भावाचं म्हणणं, दिसत नाही तर एवढी दगदग कशाला? बाबांना त्रास होईल या काळजीपोटीच तो बोलतो, मला कळतं. दुसरा पर्याय म्हणून तो सुचवतोय की मोटारीने दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे मोटारी जिथे थांबतात तिथवर जाऊ आणि जवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरान एवढीच शटल करू. मला वाटतं नेरळपासून पूर्ण प्रवास व्हावा. पण अडीच-तीन तास अरुंद डब्यात बसणं या वयात जमेल का? तिकीट आधी काढता येतं का? डबा कुठला घ्यावा? आणि रेवदंड्याहून नेरळला सकाळच्या गाडीच्या वेळेत पोचायचं कसं?

ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना नेलंय त्यांनी कृपया लिहा.

घाटवाट

ताई, अवश्य न्या. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, फक्त वरची शटल चालू राहते. ऑक्टोबरात कधी सुरू होणार ते मध्य रेल्वे जाहीर करते, त्यावर लक्ष ठेवा. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या कटाक्षाने टाळा.

डब्याचं म्हणाल तर विस्टाडोम घ्या. मोठ्या काचा, ऐसपैस खुर्च्या. पैसे जास्त जातात, पण या वयात आराम महत्त्वाचा.

आगरकोट

मी तुमच्याच बाजूचा. नेरळ आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, पण जायला आडवळणाचं. स्वतःची गाडी असेल तर अलिबाग, पेण, खोपोली, कर्जत, नेरळ. एसटीने जायचं तर अलिबागहून पनवेल, पनवेलहून ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे आणि ठाण्याहून कर्जत लोकलने नेरळ. बाबांना घेऊन हे दुसरं करू नका. ठाण्याचे जिने आणि गर्दी त्यांना गाडीपर्यंत पोचण्याआधीच थकवतील.

आणि कसंही जा, आदल्या रात्री नेरळला किंवा कर्जतला मुक्काम करा. रेवदंड्याहून पहाटे निघून सकाळची गाडी पकडायची म्हणजे रात्रभर झोप नाही.

नेरळवासी

नेरळचा आहे म्हणून तिकिटाचं सांगतो. नेरळहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट स्टेशनवरच्या खिडकीवर मिळतं, गाडी सुटण्याआधी थोडा वेळ खिडकी उघडते. फेऱ्या दिवसाला मोजक्या आणि डबेही मोजके, त्यामुळे रांग खिडकी उघडण्याच्या बरीच आधी लागते. तुम्ही दोघं-तिघं असाल तर एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाबांना बाकावर बसवायचं. मधल्या वारी आलात तर फार चिंता नाही.

डब्यात शौचालय नसतं हे लक्षात असू द्या. चढताना अडीच ते पावणेतीन तास लागतात. मध्ये जुम्मापट्टी आणि वॉटर पाईपला गाडी थांबते, पण थांबा किती वेळाचा हे समोरून येणाऱ्या गाडीवर अवलंबून असतं. नेरळला सगळं उरकून बसा.

सुरक्षिततेबद्दल कुणी घाबरवलं तर हे सांगा. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरल्यावर गाडी बंद ठेवली होती, त्यानंतर डब्यांना एअर ब्रेक बसवले. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले, तेव्हा तीनेक वर्षं काम चाललं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला. वेग तसाही तासाला बारा किलोमीटरच्या आसपास. वळणंच अशी आहेत की त्याहून जोरात जाताच येत नाही.

बाबांना एक गोष्ट आवर्जून दाखवा. दाखवा म्हणजे त्यांचा हात लावून द्या. जुन्या वाफेच्या इंजिनांपैकी एक इथे नेरळला ठेवलं आहे. जर्मनीत ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बनवलेली ही इंजिनं १९०७ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावली. त्यांच्या धुऱ्या वळणाप्रमाणे थोड्या सरकतील अशी रचना होती, म्हणून दोन फुटांच्या रुळांवर एवढी अवघड वळणं घेता यायची. तुमच्या बाबांना ज्या इंजिनाने वर नेलं, ते कदाचित हेच असेल.

सागरलाट

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. नेरळची रांग, कडक बाक आणि मग माथेरानात उतरल्यावर पुन्हा चालणं, हे सगळं करण्यापेक्षा कोकण रेल्वेने का नाही नेत? माणगावला किंवा रोह्याला बसा आणि रत्नागिरीपर्यंत जा. प्रशस्त डबा, शौचालय, खायला-प्यायला गाडीतच. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा रत्नागिरीच्या आधी लागतो. बाबांना रेल्वेची हौस असेल तर तीही भागेल.

पांढरी काठी

मला स्वतःला दिसत नाही. जन्मापासून नाही, कॉलेजात असताना हळूहळू गेलं. मिनी ट्रेनने मी गेलो आहे, म्हणून लिहितो.

सागरलाट, कोकण रेल्वे उत्तमच आहे, पण त्यांनी "रेल्वेत बसव" म्हटलेलं नाही. "त्या गाडीत" म्हटलंय.

ताई, विस्टाडोम घेऊ नका. घाटवाट यांनी चांगल्या भावनेने सुचवलंय, पण मोठी काच डोळ्यांसाठी असते. आमच्यासाठी काच म्हणजे भिंत. दुसऱ्या वर्गाचा साधा डबा घ्या आणि बाबांना उघड्या खिडकीला बसवा. गाडीचं सगळं काही त्या खिडकीतून आत येतं.

काय येतं ते सांगतो. नेरळहून निघाल्यावर सुरुवातीला मोठ्या रुळांवरच्या लोकलचा आवाज बाजूलाच असतो. मग आपली गाडी वळते आणि तो आवाज मागे पडत जातो. चढ सुरू झाला की इंजिनाचा सूर बदलतो. प्रत्येक वळणावर चाकांची कड रुळाला घासते, तेव्हा एक बारीक, ताणलेला आवाज येतो. वळण जितकं अवघड तितका तो लांबतो. डोंगराची बाजू आली की गाडीचाच खडखडाट कानाजवळ येऊन आदळतो, आणि दरीची बाजू आली की एकदम सगळं मोकळं होतं, वारा लागतो. कुठली बाजू आहे हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

सगळ्यात जास्त मला आठवतं ते ऊन. गाडी नागमोडी चढते, त्यामुळे ऊन एका गालावरून दुसऱ्या गालावर जातं, मग मानेवर, मग पुन्हा कपाळावर. त्यावरून डोंगराचा आकार कळत जातो. वर जाऊ तशी हवा गार होते, झाडीचा ओला वास सुरू होतो. नेरळपासून जवळजवळ साडेसातशे मीटरचा चढ आहे, तो अंगाला कळतो. तुमचे भाऊ म्हणतात ती फक्त शटल केली तर हे काहीच मिळणार नाही. अमन लॉजपासून पुढे गाडी वरच्या झाडीतून जाते, चढ तोवर बहुतेक संपलेला असतो.

तुमच्या बाबांना उजेड-अंधार कळतो म्हणता. मग वॉटर पाईपच्या अलीकडे या मार्गावरचा एकुलता एक बोगदा आहे, वन किस टनेल. अगदी छोटा आहे. तेव्हा मध्ये बोलू नका. क्षणभर उजेड जातो, आवाज बदलतो आणि परत येतो. त्यांना ते स्वतःहून ओळखू द्या.

काही गोष्टी सोबत जाणाऱ्यासाठी. त्यांचा दंड धरून ओढू नका, तुमचं कोपर त्यांना धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. डब्याचं दार अरुंद असतं. चढण्याआधी त्यांचा हात दाराच्या चौकटीला, मग आतल्या बाकाला लावून द्या, म्हणजे डोकं आपटत नाही. खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही हे आधीच सांगा, काही ठिकाणी कातळ फार जवळून जातो. स्टेशनांची नावं क्रमाने घरीच बोलून ठेवा: नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान. त्यांना तर ती पाठच असतील.

आणि सतत वर्णन करू नका. ही विनंती मनापासून करतोय. "बाबा, आता दरी आली, आता माकड आलं" असं प्रेमाने अखंड चालू राहिलं की स्वतःचं काही ऐकूच येत नाही. त्यांनी विचारलं की सांगा. बहुधा तेच तुम्हाला सांगत बसतील.

रेवदंडेकरीण

पांढरी काठी, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, भाऊही तिथेच होता. उन्हाचं वाक्य आल्यावर बाबांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, पूर्वी डब्याडब्यावर ब्रेक फिरवणारी माणसं असायची. इंजिनाने शिट्टी दिली की ती ब्रेक आवळायची, आणि किती शिट्ट्यांना काय करायचं ते आम्हालाही ठाऊक झालं होतं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती.

भावाने आता गाडी चालवायची तयारी दाखवली आहे. पेण-खोपोलीमार्गे जाऊ, कर्जतला मुक्काम करू. डिसेंबरातला मधला वार बघतोय. दुसऱ्या वर्गाचाच डबा.

अजून दोन शंका आहेत. येताना पण मिनी ट्रेननेच उतरावं का? आणि माथेरान स्टेशनपासून राहण्याच्या जागेपर्यंत बाबांना कसं न्यायचं? घोड्यावर बसायला ते नाही म्हणतात.

घाटवाट

विस्टाडोमचा सल्ला मागे घेतो. खिडकीचा मुद्दा पटला. मी इतक्या जणांना तोच डबा सुचवत आलो, यापुढे आधी विचारेन की कोण जाणार आहे.

एक माहिती बाबांना सांगा, आवडेल. ही गाडी सरकारने सुरू केलेली नाही. आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ मध्ये ती बांधून घेतली. सुमारे एकवीस किलोमीटरचा मार्ग, त्या काळात, त्या डोंगरात.

नेरळवासी

उतरताना मिनी ट्रेन नको. एका बाजूचा प्रवास पुरेसा आहे, आणि चढणंच खरं. परतीच्या दिवशी माथेरानहून शटलने अमन लॉजला या, तिथून दस्तुरी नाका अगदी जवळ आहे. तुमच्या भावाने गाडी नेरळला ठेवली असेल तर दस्तुरीहून नेरळला शेअर टॅक्सी मिळते, अर्ध्या तासाच्या आसपास खाली. तिची वळणं मात्र झोकाची असतात, बाबांना पुढच्या सीटवर बसवा आणि निघण्याआधी भरपेट खायला देऊ नका.

माथेरान स्टेशन बाजारपेठेतच आहे. त्यामुळे हॉटेल घेताना कड्याच्या टोकाचं, नजाऱ्याचं घेऊ नका. स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांत सपाट रस्त्याने पोचता येईल असं घ्या. बुक करताना फोनवर पायऱ्या किती हे नक्की विचारा. गावात मोटारींना बंदी आहे. ई-रिक्षा सुरू झाल्या आहेत, पण त्यांची संख्या आणि वेळा मर्यादित, त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. वाट लाल मातीची, मध्ये दगड आणि मुळं. चप्पल नको, बाबांना बूट घाला.

पांढरी काठी

बाबा बाजारपेठेत कुठल्या दुकानात होते ते त्यांना आठवतं का विचारा. स्टेशनवरून तिथवर त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही फक्त कोपर द्या.

रेवदंडेकरीण

विचारलं. स्टेशनातून बाहेर पडल्यावर कुठे वळायचं, किती पावलांवर पिंपळ होता, सगळं सांगितलं. दुकान आता असेल-नसेल, आम्ही जाऊन बघतो. हॉटेल त्याच रस्त्यावरचं शोधते आहे. कुणाला बाजारपेठेजवळचं, पायऱ्या नसलेलं, घरगुती जेवण देणारं ठिकाण माहीत असेल तर इथेच लिहा. बाबांना मासे नसले तरी चालतील, पण रात्री भात लागतो.