पिकअपला मागे स्प्रिंगचे पाटे वाढवायचे की नाही? बोला

घाटउतार (धागाकर्ता):
मंडळी, मी नारायणगावहून वाशीला टोमॅटो टाकतो. गाडी १.७ टनाची पिकअप, पाचवं वर्ष चालू आहे. नव्वद कॅरेट चढले की मागून इतकी बसते की रात्री माळशेजात समोरचा ट्रकवाला डिपर मारून मारून शिव्या घालतो. त्याला वाटतं मी मुद्दाम हेडलाइट अपरवर ठेवून चालवतोय. परवा ओतूरच्या पुढे एका खड्ड्यात मागचा रबर स्टॉपर असा आपटला की शेजारी झोपलेला पोरगा उठून बसला.

पाटेवाला म्हणतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवू, ते आवळणारे यू-बोल्ट लांब टाकू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. माझं मत सरळ आहे, वाढवावेत. इंजिन ओढतंय, चेसी दणकट आहे, कमी पडतात ते पाटेच. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगा. "कंपनीने विचार करूनच दिलंय" हे सोडून.

कमानवाला:
वाढवा. आमच्याकडे दर आठवड्याला चार-पाच गाड्या येतात याच कामाला. फक्त काम नीट करून घ्या. जुनेच यू-बोल्ट परत आवळणारा भेटला तर तिथून निघा. ते एकदा ताणले की ताणले. नवे टाकल्यावर दोन-तीन फेऱ्यांनी परत आवळून घ्यायचे, कारण पाटे एकमेकांवर बसले की ढिले पडतात. ढिल्या यू-बोल्टने पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटतो आणि मग हाऊसिंग, म्हणजे मागचा ॲक्सल, एका बाजूने मागे सरकतं. गाडी तिरकी चालताना पाहिली असेल ना रस्त्यावर, तीच.

आणि नुसतं "दोन वाढवा" म्हणू नका, जाडी विचारा. एकसारख्या सात पाट्यांत तसाच आठवा घातला तर ताकद सातवा हिस्सा वाढते. पण आठ एमएमऐवजी दहा एमएमचा घातला तर तो एकटा जवळपास दोघांचं काम करतो. हे जाडीच्या घनाचं गणित माझ्या डिप्लोमावाल्या पोराने सांगितलं. हाताला मला आधीच माहीत होतं.

सेकंडगियर:
घाटउतार, तुम्ही माळशेज उतरता म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या धाग्यांत पडत नाही. गाडीखाली वाका. बऱ्याच पिकअपना मागच्या हाऊसिंगपासून चेसीवरच्या एका व्हॉल्व्हला जाणारी बारीक दांडी असते. गाडी किती बसली त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते ठरवतो. बसली म्हणजे माल आहे, सोड जास्त. उभी आहे म्हणजे रिकामी, सोड कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होतील.

आता तुम्ही पाटे वाढवले. दोन टन माल भरूनही गाडी ताठ उभी. व्हॉल्व्हला वाटतं रिकामीच आहे. मागचा ब्रेक निम्मा झोपला आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर आला. माळशेजच्या उतारावर पुढच्या चाकातून करपल्यासारखा वास येतो ना, पेडल मऊ पडतं ना, तिथे हे लक्षात येतं. मला मोरोशीच्या अलीकडे आलं. देवाची कृपा म्हणून बाजूला मोकळी जागा होती.

कमानवाला:
साहेब, ती दांडी आम्ही ॲडजस्ट करून देतो. दोन नट आहेत, पाच मिनिटांचं काम.

सेकंडगियर:
कशाच्या हिशेबाने करता? भरलेल्या गाडीच्या ना? मग वाशीहून रिकामी परत येताना, पहिल्या पावसात, मुरबाडच्या वळणावर मागची चाकं लॉक होणार. एक काहीतरी निवडावं लागेल. कंपनीची सेटिंग कंपनीच्या पाट्यांसाठीच असते.

रिकामी_फेरी:
परतीच्या फेरीचं कुणी बोलतच नाही. माझ्या चुलत्याच्या गाडीला पाटे वाढवलेत. भरलेली मस्त चालते. रिकामी असली की बैलगाडी बरी. मागचं चाक खड्ड्यात जातच नाही, वरून उडी मारतं. वर्षभरात हौद्याचे वेल्डिंग दोनदा सुटले आणि पाटे चेसीला टांगणाऱ्या हँगरच्या रिबिटी हलल्या. पाटा वाकला नाही तर धक्का कुठेतरी जाणारच की.

भाडं_कॅरेटवर:
हे सगळं ज्ञान खुर्चीत बसून बरं वाटतं. भाडं कॅरेटवर मिळतं, हे कुणी लिहिलं नाही. डिझेल, टोल, दोन चहा, मधलं "बघून घ्या", सगळं साठ कॅरेटलाही तेवढंच आणि नव्वदलाही तेवढंच. वरच्या तीस कॅरेटमध्येच माझा हप्ता आहे. शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, दादा एवढे दहा टाका, उद्या माल मऊ पडेल. त्याला काय व्हॉल्व्हची दांडी दाखवू? पाटे वाढवले नाहीत म्हणून कोणी कमी भरणार आहे का? भरणार तेवढंच, फक्त गाडी मोडून. माझं मत घाटउतारच्याच बाजूचं.

कलम_बावन्न:
पैशाचाच हिशेब करायचा तर पूर्ण करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. पाटे सोळा केले तरी आरसीवरचं वजन तेच राहतं. शिवाय कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. अपघात झाला तर विम्याचा माणूस आधी गाडीखाली बघेल.

भाडं_कॅरेटवर:
वीस हजाराची पावती फाडलेला एक तरी पिकअपवाला दाखवा. पाचशेत मिटतं ते सगळ्यांना माहीत आहे.

नाना_ह्यूस्टन:
मी मूळचा जुन्नरचाच, आता टेक्सासात. इथे पिकअपमागे बोट नाहीतर घोड्यांची ट्रॉली जोडतात आणि भांडण हेच, शब्दाला शब्द. इथे पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या लावायची फॅशन आहे. पाटे आणि चेसीच्या मध्ये रबरी पिशवी, माल असला की हवा भरायची, रिकामी असली की सोडायची. म्हणजे रिकामी_फेरीवाल्यांचा त्रास जातो. पण पिशवीच्या डब्यातल्या कागदावरच लिहिलेलं असतं की याने गाडीची वजनमर्यादा वाढत नाही. ती मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते आणि लोक तिच्याकडे पाहत नाहीत, अगदी आपल्यासारखेच.

ट्रॉलीचं एक वेगळं असतं. तिच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यावा लागतो, कमी असला तर ट्रॉली शेपूट हलवते. हा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो, तराजूसारखा, म्हणून पुढची चाकं उचलली जातात आणि स्टेअरिंग हलकं पडतं. तिथे पाटे वाढवून गाडी सरळ दिसते, पण पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन परत येत नाही. त्यासाठी भार पुढे ढकलणारा वेगळ्या रचनेचा हुक मिळतो. तुमचे कॅरेटही हौद्याच्या शेवटी उंच रचत असाल तर तोच प्रकार होतो. जड थर केबिनकडे घ्या.

कमानवाला:
नानांचं रचण्याचं बरोबर आहे. पण हवेची पिशवी आपल्या शिवारातल्या बाभळीच्या काट्यांत किती दिवस टिकेल ते मला सांगू नका.

घाटउतार, एक राहिलं. पाच वर्षांची गाडी ना? मग पाटे बसले असतील. रिकाम्या गाडीत कमान दिसते का बघा. सपाट झाली असेल तर वाढवू नका, मूळ सेट नवा टाका. कुणी जुन्यालाच ठोकून कमान देतो म्हणाला तर दोन महिन्यांत परत माझ्याकडेच याल. हे मी धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, लक्षात ठेवा.

सेकंडगियर:
आणि टायरच्या बाजूचा भाराचा आकडा वाचा. ११२ असेल तर एका टायरला ११२० किलो, पुरी हवा असताना. मागे दोनच आहेत.

घाटउतार:
चार दिवस उशिरा लिहितोय. पाटेवाल्याकडे जायच्या आधी वजनकाट्यावर गेलो. रिकामी गाडी आरसीवरच्या वजनापेक्षा १४० किलो जास्त भरली. लोखंडी पिंजरा, ताडपत्री, जॅक, स्टेपनी ठेवायला केलेली फ्रेम, सगळं मीच बसवलेलं. म्हणजे १.७ टनातले उरले १,५६०. मग एक कॅरेट टाकलं. मी आयुष्यभर वीस किलो धरत आलो. बावीस किलो माल आणि दोन किलो प्लास्टिक, चोवीस. नव्वद कॅरेट म्हणजे २,१६०. सहाशे किलो वर. मला वाटत होतं शे-दीडशे असेल.

कमान बघितली, सपाट झालीय. नवा सेट टाकला, मूळचाच, वाढवला नाही. दांडीला हात लावू दिला नाही. काल पासष्ट कॅरेट घेऊन उतरलो. ट्रकवाल्याने डिपर मारला नाही.

भाडं_कॅरेटवर:
आणि तुझे राहिलेले पंचवीस कॅरेट बांधावरून माझ्या गाडीत चढले. भाडं मला मिळालं. बोल आता.

घाटउतार:
काट्यावर घेऊन ये एकदा. पैसे मी देतो.