बाबांच्या खतावणीत वाचनालयाकडे १८,६५० येणे, समिती म्हणते ‘देणगीत टाकू’. काय करावं?

मुक्ता_त्रिमूर्तीनगर
नमस्कार. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

बाबा फेब्रुवारीत गेले. तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन शिकवायचे आणि संध्याकाळी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा हिशेब बघायचे. २६ वर्षं कोषाध्यक्ष, बिनपगारी. गणपती मंडळ, स्मशानातल्या शेडची वर्गणी, कुणाच्या लग्नाचा खर्च, “मास्तर, जरा आकडे बघून द्या ना” म्हटलं की बसले चष्मा लावून. आई म्हणायची, गावात दोनच गोष्टी फुकट, बोअरिंगचं पाणी अन् तुझे बाबा.

परवा गणेशपेठहून एसटीनं गेले आणि घरातलं दप्तर घेऊन आले. रोजकिर्दी, खतावण्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात व्हाउचरं. टाचणी गंजून कागद खाते म्हणून सगळी बाभळीच्या काट्यानं टोचलेली. एका पानावर पेन्सिलीनं ‘फरक ०.४०’, आणि तीन पानांनंतर तांबड्या शाईत ‘सापडला. टपाल तिकीट.’

मुद्दा असा. अनुदान लांबलं की ग्रंथपालकाकांचा पगार आणि विजेचं बिल बाबा खिशातून भरायचे. ते खतावणीत ‘हातउसने’ म्हणून जमा, अनुदान आलं की थोडे परत. आजची शिल्लक १८,६५०, ताळेबंदातही देणी बाजूला दिसते. नवे अध्यक्ष म्हणतात, “ताई, मास्तरांनी कधी मागितले असते का? मागच्या मार्चच्या तारखेची देणगी पावती फाडतो, भिंतीवर पाटी लावतो.”

पैसे आम्हाला नकोतच. पण बाबांच्या नावाची मागल्या तारखेची पावती? घशाखाली उतरत नाही.

तर्रीपोहा
काहून एवढा ताप घेऊन राहिली ताई? १८ हजारासाठी कोण विचारते? पाटी लागून राहिली ना, लागू दे.

धंतोलीचा_ऑडिटवाला
तर्रीभाऊ, तुम्ही पोहे खा.

मुक्ताताई, मागल्या तारखेची पावती अजिबात नको. पावती पुस्तकाला अनुक्रमांक असतात, त्या वर्षाचं ऑडिट होऊन गेलेलं आहे. मधेच एक पावती कुठून उगवली म्हणून उद्या कुणी विचारलं तर उत्तर कोण देणार? ते येणं आता वारसांचं. आई आणि तुम्ही भावंडं सगळ्यांनी सही करून समितीला पत्र द्या की ही रक्कम आम्ही सोडतो. समिती ठराव करेल, मग आजच्या तारखेला हातउसने खाते नावे, देणगी खाते जमा, म्हणजे देणं मिटलं आणि रक्कम देणगीत आली. पाटी हवी तर खुशाल लावा.

आता कडू लागेल ते. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६-अ. विश्वस्ताला संस्थेसाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि हातउसने असलं तरी ते कर्जच. बाबांचं तेवढं चुकलंच. ऑडिटरनं शेरा कसा मारला नाही याचं नवल वाटतं. आणि परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीत, विश्वस्त म्हणून बाबांचं नाव असेल तर कलम २२ खाली ते बदलायचा अर्ज, म्हणजे बदल अर्ज, ९० दिवसांत द्यावा लागतो. तो दिला का, विचारा. मुदत गेली असेल तर सोबत उशीर माफीचा अर्ज जोडायला सांगा. दप्तर देताना यादी करून पोच घ्या, नुसती थैली हातात देऊ नका.

इतवारीतला_मुनीम
बाभळीचे काटे वाचले अन् समजलं कोणते सर. ताई, मी त्यांचा विद्यार्थी. “घेणारा नावे, देणारा जमा” वर्गात इतक्यांदा म्हणून घ्यायचे की अजून झोपेत म्हणतो.

बारावीच्या फॉर्मची फी माझ्याजवळ नव्हती. सरांनी भरली, पण व्हाउचरवर माझी सही घेतली. तेव्हा राग आला होता. पहिल्या पगारातून परत करायला गेलो तर पैसे मोजून घेतले, निळी वही काढली, माझं नाव खोडलं आणि व्हाउचर माझ्या हातात दिलं. “आता तू मोकळा.” वर चहा पाजला. ती वही शोधा.

मुक्ता_त्रिमूर्तीनगर
ऑडिटवाले दादा, खूप आभार. पत्र आईच्या सहीनिशी तयार आहे. बदल अर्ज दिलेलाच नव्हता, आता धावपळ चालू झाली. ३६-अ बाबांना ठाऊक नसेल असं मला नाही वाटत. अनुदान थांबलं तरी ग्रंथपालकाकांच्या घरी किराणा लागणारच होता.

मुनीमभाऊ, निळी वही सापडली, तांदळाच्या कोठीमागे. ६३ नावं, बहुतेक खोडलेली, ११ तशीच. ही मी समितीला देत नाही.

आईनं विचारलं, माझं नाव आहे का ग त्यात? आहे. १९८९, शिलाई मशीन, १,१०० रुपये. खोडलेलं नाही.