मदत हवी आहे: ताक आणि चहा गुठळ्या न होता दाट कसा करता?

जिभेच्या मुळाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालेल्या रुग्णांना पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, म्हणून आम्ही ते थोडे दाट करून देतो. दाटपणा मोजायला सुई आणि आतला दट्ट्या काढलेली 10 मिलीची सिरिंज: टोकाशी बोट धरून 10 मिलीच्या खुणेपर्यंत भरायची, बोट काढून 10 सेकंद थांबायचं; 4 ते 8 मिली उरलं की सौम्य दाट.

अडचण कॉर्नफ्लोअरची. उष्टा चमचा वाटीत परत बुडाला की लाळेतल्या एन्झाइममुळे पेज पातळ होत जाते, आणि धोका नेमका शेवटच्या घोटांना. झॅन्थन गम (पातळ पदार्थ दाट करणारी पावडर) लाळेनं पातळ होत नाही, पण गरम चहात त्याच्या गुठळ्या होतात. कोरड्या घशात त्या चिकटून बसतात.

200 मिलीला किती ग्रॅम घालता, कशानं घुसळता, किती मिनिटं मुरू देता? ताकाचं प्रमाण वेगळं ठेवता का?