मदत हवी आहे : मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे नेताना आत थांबावे की बाहेर?

सायली_इंदिरानगर (सोमवार, रात्री १०.४०)
नमस्कार. मुलाच्या दाढेवर उपचार करायचे आहेत आणि आतापर्यंतच्या दोन्ही खेपा वाया गेल्या आहेत. पहिल्या खेपेला तो खुर्चीवर चढलाच नाही. दुसऱ्या खेपेला चढला, पण डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडाजवळ नेताच त्याने ओठ असे घट्ट मिटले की आम्हा चौघांना ते उघडता आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही बाहेर बसा, मग बघा कसा शहाण्यासारखा वागतो." मला हे पटलेले नाही, घरात मात्र सर्वांना पटले आहे. आईवडील जवळ असले की मुले जास्त रडतात, हे खरे आहे का? शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे, तेव्हा कृपया त्याआधी आणि अनुभव असलेल्यांनीच लिहावे.

गोदाकाठचा (सोमवार, रात्री १०.५८)
मुलाचे वय किती, दाढ कोणती आणि उपचार नेमका काय सांगितला आहे, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. दोन वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलाला एकच उत्तर कसे लागू पडेल?

नाना_सिडको (मंगळवार, सकाळी ६.१५)
दुधाची दाढ असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? ती आज ना उद्या पडणारच आहे. आमच्या वेळी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवत असत आणि विषय संपत असे.

दंतवैद्य_पंचवटी (मंगळवार, सकाळी ९.३०)
नाना, आपल्याविषयी आदर आहे, पण या सल्ल्यामुळेच अनेक मुले सुजलेला गाल घेऊन आमच्याकडे येतात. दुधाच्या दाढा साधारणपणे दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात, कारण खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी त्या जागा राखून ठेवतात. लवंगेच्या तेलाने ठणका तात्पुरता दबतो, कीड मात्र पुढे सरकतच राहते.

सायलीताई, वय कळल्याशिवाय ठाम उत्तर देणार नाही. एक प्रश्न मात्र आहे : "आम्हा चौघांना" म्हणजे खोलीत नेमके कोण कोण होते?

सायली_इंदिरानगर (मंगळवार, दुपारी १.०५)
वय लिहायचे राहून गेले. तो चार वर्षे दोन महिन्यांचा आहे. खालची डावी दुधाची दाढ आहे, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेल्यामुळे रूट कॅनाल करून कॅप बसवायला सांगितली आहे. खोलीत मी, मुलाचे बाबा, सासूबाई आणि डॉक्टर होतो. मी हात धरला होता. सासूबाई "सुई नाही हं टोचणार, मुळीच दुखणार नाही" असे सारखे समजावत होत्या, आणि बाबा गावाकडे पाठवायला म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करत होते. यात प्रश्नाशी संबंधित असे काय आहे, ते मला कळलेले नाही.

गोदाकाठचा (मंगळवार, दुपारी १.२०)
सगळेच संबंधित आहे. सुईचे नाव त्याच्यापुढे प्रथम कोणी काढले, डॉक्टरांनी की आजींनी?

कॉलेजरोड_बाबा (मंगळवार, रात्री ८.४५)
माझे मत स्पष्ट आहे : बाहेर बसा. आमची कन्या सहा वर्षांची असताना मी आत असेपर्यंत दर मिनिटाला माझ्याकडे बघून हुंदके देत होती; मी बाहेर पडलो आणि पाच मिनिटांत तिने तोंड उघडले. प्रेक्षक नसला की नाटकही नसते.

मृण्मयी_नाशिकरोड (मंगळवार, रात्री ९.१०)
चार वर्षांच्या मुलाची भीती म्हणजे नाटक नव्हे. माझ्या भाच्याला असेच एकटे आत ठेवले होते, आणि त्यानंतर वर्षभर पांढरा कोट दिसला तरी तो आईच्या पदराआड लपत असे. आपली कन्या सहा वर्षांची होती, हे आपणच लिहिले आहे.

कॉलेजरोड_बाबा (मंगळवार, रात्री ९.२२)
मग आई आत असूनही दोन खेपा वाया का गेल्या, तेही सांगावे.

दंतवैद्य_पंचवटी (बुधवार, सकाळी १०.००)
हा वाद जुना आहे. फ्रँकल या अमेरिकी दंतवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली नेमका हाच प्रश्न तपासला होता. मुलांचे खुर्चीवरील वर्तन मोजण्याची आमची चार पायऱ्यांची श्रेणीही त्यातूनच आली. साधारण साडेतीन ते चार वर्षांची मुले आई जवळ असताना अधिक सहकार्य करत होती, त्याहून मोठ्या मुलांत विशेष फरक दिसला नाही. आपला मुलगा नेमका काठावर आहे, त्यामुळे वरील दोघांनाही थोडेथोडे बरोबर ठरवता येईल.

माझ्या मते आपण आत थांबावे, परंतु एकट्याने आणि मुक्याने. आम्ही प्रत्येक वस्तू आधी सांगतो, मग बोटावर फिरवून दाखवतो आणि त्यानंतरच तोंडात नेतो. तिघे एकाच वेळी बोलू लागले की मुलाला आमचा आवाज ऐकूच येत नाही. "दुखणार नाही" या वाक्यातून त्याच्या कानात "दुखणार" एवढेच उरते. शिवाय रागावू नका, पण विचारतो : खुर्चीची भीती आपल्यालाही वाटते का?

अनघा_गंगापूररोड (बुधवार, दुपारी ४.३०)
टूथपेस्टबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. तीन वर्षांनंतर मटारच्या दाण्याएवढीच फ्लोराइडयुक्त पेस्ट घ्यावी आणि रात्री ब्रश केल्यावर दूध देऊ नये.

सायली_इंदिरानगर (बुधवार, रात्री ११.१५)
टूथपेस्टचा प्रश्न नव्हता, तरी आभार. डॉक्टर, होय. अक्कलदाढ काढताना मला भोवळ आली होती, आणि ड्रिलचा आवाज सुरू झाला की माझे तळवे आजही ओले होतात. मुलाने धरलेला हात तोच होता, हे आत्ता लिहिताना लक्षात आले.

दंतवैद्य_पंचवटी (गुरुवार, सकाळी ९.१०)
मग हात धरू नका. पायाशी स्टूल घेऊन बसा आणि त्याच्या पावलावर हात ठेवा; आपण जवळ आहात हे त्याला कळेल, चेहरा मात्र दिसणार नाही. डॉक्टरांना ही व्यवस्था आधी फोनवर विचारून घ्या. हेही जमले नाही तर बालदंतरोगतज्ज्ञांना दाखवा. पंचवटीतील दंत महाविद्यालयात त्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

सायली_इंदिरानगर (शनिवार, दुपारी २.००)
डॉक्टर थोडे कुरकुरले, पण तयार झाले. सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवले. त्या माझ्यावर अजून रुसलेल्या आहेत. बाबांचा मोबाइल माझ्या पिशवीत होता. इंजेक्शनच्या वेळी तो जोरात रडला आणि त्याच्या पायाची बोटे माझ्या तळहातात आवळली गेली, तरी मी काही बोलले नाही. त्यानंतर त्याने स्वतःच विचारले, "पाण्याचा पंप परत कधी?" निम्मे काम झाले आहे, उरलेल्यासाठी मंगळवारी बोलावले आहे.

नाना_सिडको (शनिवार, दुपारी ३.४०)
एका दुधाच्या दाढेसाठी किती पैसे घेतले, ते लिहावे.