एसएलईएसमध्ये पाणी घातलं तर गोळे, मीठ घातलं तर दाट: हे गौडबंगाल काय?

राजारामपुरीची_ताई
नमस्कार. आमचा बचत गट भांड्यांचं लिक्विड करतो, जवळच्या खानावळींना कॅननं देतो. एसएलईएसची, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट या फेस करणाऱ्या, तेल काढणाऱ्या रसायनाची, सत्तर टक्क्यांची पेस्ट आणतो. पेस्टवर थोडं पाणी ओतलं की सैल व्हायची सोडून ती आणखी आवळते. चिवट, पारदर्शक गोळे होतात, रवी फिरत नाही. भरपूर पाण्यात तेच विरघळून पातळ. मग मीठ टाकलं की दाट, आणि मीठ जरा वाढलं की परत पातळ, वर गढूळ! मीठ तर विरघळून जातं, मग दाटपणा येतो कुठून? दुकानदार म्हणतो, "केमिकलच तसं असतंय." हे उत्तर नको.

शिरगाव_सेकंड_शिफ्ट
ताई, माल तेवढाच, आतली बैठक बदलते. गोकुळ शिरगावला डिटर्जंटच्या लाइनवर आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

एसएलईएसच्या रेणूला साधारण बारा कार्बनचं तेलकट शेपूट आणि पाण्यात रमणारं, ऋण भाराचं डोकं. शेपटाला पाण्यात थारा नाही. म्हणून पहिले रेणू पृष्ठभाग गाठतात, डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत. तिथली जागा भरली की उरलेले आत कोंडाळं करतात, शेपटं आत, डोकी बाहेर. हे मायसेल. जेमतेम चार-पाच नॅनोमीटरचं.

आता गोळे. सत्तर टक्क्यांच्या पेस्टमध्ये रेणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून पेस्ट जड असली तरी वाहते. पाणी घालून साठ ते तीस टक्क्यांच्या मधे आणलं की थर मोडून लांब दांडे होतात आणि षटकोनी मांडणीत गच्च बसतात. ते कुणीकडं सरकणार? तीसच्या खाली गेलं की सुटतात. तेव्हा पाण्यात पेस्ट सोडा, पेस्टवर पाणी नको. रवी सावकाश, नाहीतर नुसता फेस.

मिठाचं असं की डोकी ऋण असल्यानं एकमेकांना ढकलतात, म्हणून मायसेल गोल राहतं. मिठातला धन भाराचा सोडियम मधे आला की ढकलाढकली कमी, डोकी जवळ येतात आणि गोल मायसेल लांबत जाऊन शेवयांसारखे धागे होतात. त्यांचा गुंता म्हणजे तुमचा दाटपणा. मीठ आणखी वाढलं की धाग्यांना फांद्या फुटतात, त्यांचे जोड सरकायला लागतात, गुंता ढिला पडतो. त्याच्याही पुढं माल पाण्यातून वेगळा व्हायला लागतो, ते गढूळपण.

मीठ आधी पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला. वाटीभर नमुन्यावर दाटपणाचं शिखर कुठं येतंय ते बघून त्याच्या अलीकडं थांबा. उन्हात धागे आखूड होतात, त्यामुळं सकाळी दाट दिसलेला माल दुपारी पातळ वाटणार.

विद्यापीठ_कँटीन
एमएस्सीचं ताजं आहे, म्हणून भर घालतो. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आवळून धरणारी ओढ, 25 अंशाला 72 मिलिन्यूटन प्रति मीटर. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, एसएलईएसचं भावंड) लिटरला सुमारे 2.3 ग्रॅम गेलं की तो चाळीसच्या खाली येतो आणि तिथंच अडतो. पुढचं जवळजवळ सगळं मायसेलमध्ये. एसएलईएसला त्याहून कमी लागतं.

बाकी या विषयाची सुरुवात भांड्यांच्याच पाण्यातून झाली बरं का. जर्मनीतल्या आग्नेस पॉकेल्स यांनी घरीच पत्र्याच्या पसरट भांड्यात पाण्याचा पृष्ठताण मोजला. विद्यापीठाची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांचं पत्र भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1891 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आणलं.

राजारामपुरीची_ताई
मग पृष्ठताण अडल्यावर जादा माल वाया का? खानावळवाले तर दाट बघूनच पैसे देतात.

शिरगाव_सेकंड_शिफ्ट
वाया कसा? तांबड्या रश्शाच्या पातेल्याचं तेल पोटात घेतं ते मायसेलच. पण दाट म्हणजे जास्त माल असं नाही, ते मिठानंही होतं, आणि बाजारात बरेच जण तेच करतात. एक विचारायचं राहिलं, पाणी बोअरचं की नळाचं? जड पाण्यातला कॅल्शियम मिठासारखंच काम करतो, उलट जोरात. पाणी बदललं की वाटीतला हिशेब परत मांडावा लागेल.